समुद्र दिसणारी खोली

९ जानेवारी, शुक्रवार

सहा महिने. त्यातले चार चांगले!

काल डोळ्यांच्या डॉक्टरांनी हे असं सांगितलं, जसं भाजीवाला टोमॅटोंबद्दल सांगतो. काचबिंदू. दोन्ही डोळे. बाजूचं दिसणं गेलेलंच आहे, समोरचं उरलंय तेही नळीतून पाहावं तसं. थेंब घालत राहायचे. आशाही थेंबानंच मोजायची.

मग बाबांकडे वळून म्हणाले, "काही पाहायचं राहिलंय का, काका?"

बाबांनी पापणी लवायच्या आत सांगितलं — "जहाजात बसायचं राहिलंय."

चौतीस वर्षं बंदरात क्रेन चालवली या माणसानं. साठ फूट उंच काचेच्या पेटीत बसून जगभरचा माल चढवला, उतरवला. जहाजावर पाऊल? एकदाही नाही. आयुष्यभर वाढप्याचं काम केलं, पानावर कधी बसलेच नाहीत.

निघताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ठरलेल्या वेळी, ठरलेल्या अंतरावरून, ठरलेल्या गोष्टीनं रोज नजर तपासत जा. आणि लिहून ठेवा. घरच्यांना वाटतं आपल्याला कळेल. कळत नाही."

म्हणून ही वही. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. आता स्वतःची मळवायची.

१० जानेवारी, शनिवार

तपासायची रीत शोधत होते, ती घरातच होती!

बाबांनी आम्हां तिघा भावंडांना क्रेनच्या खुणांवर वाढवलंय. बोट वर करून गोल फिरवलं — उचल. हात आडवा, तळवा खाली — थांब. बोट खाली करून गोल — उतरव. जेवताना आई वाढायला आली आणि आपण 'थांब' करायला विसरलो की ताटात पडलेलं सगळं मुकाट्यानं संपवायचं. शाळेला निघालो की कोपऱ्यावरच्या खांबाशी वळून तिन्ही खुणा करायच्या, बाबा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्याच तिन्ही परत करायचे. आई गेली, दादा गेला संसाराला, धाकटी गेली नोकरीला. मी अजून शाळेतच जाते — फक्त फळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहते — आणि खांबाशी वळतेच. संस्कृतच्या बाई भररस्त्यात बोट गरगर फिरवतात, हे आता गल्लीच्या अंगवळणी पडलंय.

ठरलेली वेळ : सात चाळीस. ठरलेलं अंतर : फाटकापासून साठ पावलं, आज मोजली. ठरलेली गोष्ट : उचल, थांब, उतरव.

आज तिन्ही बरोबर.

११ जानेवारी, रविवार

तिघा भावंडांचा फोन. बाबा आंघोळीला गेलेत असं बघून.

दादाचं फरशांचं दुकान आहे. घासाघीस हा त्याचा व्यवसाय नव्हे, स्वभावधर्म. लग्नात पत्रिका छापणाऱ्याकडून त्यानं दोनशे पाकिटं फुकट काढली होती, अजून वापरतोय. मी म्हणाले, जहाजाची सहल — क्रूझ. बाबा, मी, तो, वहिनी, त्यांची लेक आणि धाकटी. सहा माणसं, तीन खोल्या. बाबांचा खर्च तिघांत.

"हो. पण छापील भावानं नाही," दादा म्हणाला. "छापील भाव ही नुसती प्रस्तावना असते, पंडिता. ग्रंथ पुढे सुरू होतो."

पंडिता म्हणजे मी. मॅट्रिकला संस्कृत घेतल्यापासून चालू आहे हे.

धाकटी म्हणाली, "ताई, मला बस लागते. बोटीवर माझं काय होईल?" मग स्वतःच म्हणाली, "होऊ दे. सात दिवस ओकेन. बाबांना बाल्कनीवाली खोली घ्या मात्र. सकाळी उठले की समोर समुद्र."

"बाल्कनीच!" दादाचा आवाज जरा घोगरा झाला. "डोळे आहेत तोवर भरून पाहू दे त्यांना." मग लगेच पूर्वपदावर — "आणि भाव पंडिता काढेल. तिची शाळा चारला सुटते."

शाळा चारला सुटते. मी कधी सुटते, हे कुणी विचारलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

प्रवास-कचेरी. खोली हातभर, भिंतभर एकच जहाज. इतकं पांढरंशुभ्र की दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटलं. टेबलामागे चाळिशीची बाई. फोन दोन, घसा एकच, तोही बसलेला. नाव सांगितलं तिनं. मी मनात 'क्रूझबाई' करून टाकलं.

एकाच जहाजाचे पंचवीस भाव! आतली खोली, खिडकी नाही : माणशी बावन्न हजार. गोल खिडकी : सत्तर. बाल्कनी : अठ्ठ्याण्णव. त्याच खोलीत तिसरं माणूस झोपवलं तर त्याचं भाडं माफ, बंदराचा कर तेवढा भरायचा. म्हणजे दादाची लेक फुकट. शिवाय एक तिकीट असतं 'खोली आम्ही ठरवू' नावाचं. पैसे कमी, पण कुठली खोली ते निघायच्या आठवड्यात कळणार. इंजिनाच्या डोक्यावरही मिळू शकते. आणि नोकरचाकरांची बक्षिसी, कर, किनाऱ्यावर उतरायची बस, हे सगळं त्या मोठ्या आकड्याच्या बाहेर, खाली, मुंगीच्या अक्षरात. मध्यमपदलोपी समास! जे पद गाळलंय तेच महाग.

"भाव रोज बदलतो, मॅडम. जहाज भरत आलं की चढतो. रिकामं राहिलं की उतरतो."

"उतरतो कधी?"

"ते कळलं असतं तर मी या खुर्चीत बसले असते का?"

बाई आवडली मला.

२६ एप्रिलला निघणारं जहाज. सात दिवस. पूर्ण पैसे २५ फेब्रुवारीच्या आत. तोवर भाव बघत बसायचं. मधेच जागा संपली तर संपली.

डॉक्टरांचे चार चांगले महिने ८ मेला संपतात. मधे बारा दिवस शिल्लक. बोटांवर दोनदा मोजले.

१५ जानेवारी, गुरुवार

तिन्ही बरोबर. बाल्कनी अठ्ठ्याण्णव.

१६ जानेवारी, शुक्रवार

तिन्ही बरोबर. अठ्ठ्याण्णव. भिंतीवरच्या पालीसारखा चिकटलाय आकडा.

१८ जानेवारी, रविवार

बाबांना भाव वाचून दाखवले. रेडिओ बारीक करून ऐकत होते.

"यात सगळ्यात खालची कुठली?"

"पाण्याच्या पातळीची. आतली. खिडकी नाही, काही नाही."

"ती घे."

"बाबा, कोठार आहे ते!"

"मग बरोबरच आहे. जड सामान खालीच ठेवतात, मास्तरीणबाई. वर ठेवलं की जहाज डुलतं."

मी हसले नाही, तसे बाबा जरा पुढे सरकले. "डबे चढवत गेलं ना, की जहाज पाण्यात बसतं. हळूच. आधी वीतभर, मग हातभर. मी वरून पाहिलंय ते, हजारदा. खाली असलेल्याला पायांना कळत असणार. कसं कळतं ते बघायचंय."

"आणि समुद्र?"

"समुद्र कुठे पळून चाललाय?"

काटकसर! दुसरं काय. या माणसानं साबणाच्या चिपट्या एकमेकींना चिकटवून आयुष्य काढलं. आता चिपट्या चिकटवायला वेळ उरला नाही, हे यांना सांगायचं कुणी? मी ठणकावलं — बाल्कनीच. तिघांचं ठरलंय.

"तुम्ही तिघं ठरवता तेव्हा मला आईची आठवण येते," म्हणाले. "ती एकटीच तिघांएवढं ठरवायची."

रेडिओ मोठा केला. सभा बरखास्त.

२१ जानेवारी, बुधवार

तिन्ही बरोबर. बाल्कनी सत्त्याण्णव. पाल एक पाऊल खाली सरकली.

२३ जानेवारी, शुक्रवार

तिन्ही बरोबर. त्र्याण्णव!! शिक्षकखोलीत ओरडलेच. गणिताचे सर म्हणाले, "ताप?"

२५ जानेवारी, रविवार

दादाला म्हणाले, त्र्याण्णव झालाय, घेऊ या.

"थांब."

"दादा, आठ-दहा खोल्याच उरल्यात बाल्कनीच्या."

"उरल्यात असं सांगणं हे तिचं काम आहे. माझ्या दुकानात गेली सहा वर्षं इटालियन फरशीची शेवटची पेटी शिल्लक आहे. थांब, पंच्याऐंशीला येतं की नाही बघ."

पलीकडे माणूस फोनवर असला तरी दादा बोलताना हात आडवा करतो, तळवा खाली. मला दिसतो.

थांबले. पैशाच्या बाबतीत दादा आजवर चुकलेला नाही. बाकी सगळ्या बाबतीत चुकलाय, हे वहिनी सांगते.

२८ जानेवारी, बुधवार

तिन्ही बरोबर. गंमत म्हणजे आज माझं बोट वर जायच्या आधीच बाबांचं वर! शर्यत लावतात म्हातारपणी. दप्तर खांद्यावरून घसरलं होतं, म्हणून मला उशीर. बाल्कनी एक्याण्णव.

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी बघते तर चहा ओतताना कपात बोट! ओरडले.

"बाबा, बोट काय बुडवता?"

"कढत आहे का बघतो."

"मग पोळलं की कळणार?"

"कळलं ना. पोळलं."

लहान मूल परवडलं. मूल निदान वाद घालताना न्यायशास्त्र वापरत नाही.

संध्याकाळी गॅलरीत बसले होते, बंदराकडे तोंड करून. "आज तीन लागलीत," म्हणाले. मला दोनच जहाजं दिसली. तिसरं गोदामाच्या मागे असेल, म्हणाले. भोंगा ऐकला नाहीस का? असेल. चौतीस वर्षांचा अधिकार. माझ्या डोळ्यांवरच मला शंका आली. चष्म्याचा नंबर बघायला हवा.

बाल्कनी नव्वद. आता रोज दोनदा फोन करते कचेरीत. क्रूझबाई 'हॅलो'च्या ऐवजी आकडाच सांगते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

तिन्ही बरोबर. एकोणनव्वद.

रात्रंदिवस दोनच गोष्टी उतरताना बघतेय. एक उतरावी म्हणून, एक उतरू नये म्हणून. आणि दोन्हींवर माझा हात नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज बाबांची डॉक्टरांकडे जायची तारीख, आणि नेमकी शाळेत तपासणी! रजा मिळेना. बाबाच म्हणाले, शिंप्याबरोबर जातो. शिंपीकाका म्हणजे तळमजल्यावरचे, बाबांचे चाळीस वर्षांचे जोडीदार. दोघांचं मिळून एक मत असतं, आणि ते बहुधा माझ्याविरुद्ध असतं.

परत आल्यावर विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"जे म्हणायचं तेच."

"म्हणजे?"

"म्हणजे थेंब. ठरलेल्या वेळी."

"चिठ्ठी?"

"शिंप्याच्या खिशात राहिली."

खाली गेले. शिंपीकाका बाहीला काज करत होते. मान वर केली नाही. चिठ्ठी कुठेतरी कापडात गेली म्हणाले. सापडली की देतो. एरवी मला पाहिलं की, "काय विद्वान, आज कुणाला नापास केलंत?" असं विचारल्याशिवाय राहत नाहीत. आज नाही. बसच्या धक्क्यानं थकले असतील दोघेही.

उद्या फोन करीन डॉक्टरांना. नको — तपासणी उद्याही आहे, तपासनीसांसमोर फोन कसा? पण मला तर रोज दिसतंय ना! सव्वीस दिवसांत एकदाही चूक नाही. डॉक्टरांपेक्षा माझी वही बरी.

८ फेब्रुवारी, रविवार

आज दादानं बॉम्ब टाकला. त्यानं स्वतः शोधून काढलंय — मोसम संपला की जहाजं दुसऱ्या समुद्रात नेतात. रिकामी नेण्यापेक्षा मिळतील ती माणसं भरून नेतात. त्या फेरीला बाल्कनी माणशी एकसष्ट! नऊ दिवस, वर परतीचं विमान. खरंच घबाड आहे.

निघणार १७ मेला.

"दादा, ८ मे."

"काय ८ मे?"

"चार महिने. ८ मेला पुरे होतात."

"डॉक्टर काय पंचांग बघून सांगतात का? नऊ दिवसांनी काय फरक पडतो?"

"तुझ्या फरशीला नऊ दिवसांनी फरक पडत नाही."

पलीकडून धाकटीचा आवाज, "ताई..."

मी ताईगिरी केली नाही. म्हणाले, "एकसष्टला बाल्कनी घेऊन बाबांना अंधारात बसवायचं असेल तर घे. मी येणार नाही."

दादा म्हणाला, "बरं." तो 'बरं' म्हणतो तेव्हा त्याला लागलेलं असतं. लागू दे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तिन्ही बरोबर. अठ्ठ्याऐंशी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फाटकाची बिजागरी किंचाळते. शिंपीकाका तेलाची कुपी घेऊन सरसावले, तर वरून बाबा — "राहू दे रे! हात लावू नकोस."

"अरे, साऱ्या गल्लीला ऐकू जातं!"

"मला जाऊ दे ऐकू. वाजलं की कळतं, आमची मास्तरीण निघाली."

शिंपीकाकांनी कुपी खिशात घातली. मला मात्र उगीच गहिवरून आलं. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या जाण्याकडे कुणाचा तरी कान आहे!

तिन्ही बरोबर. सत्त्याऐंशी.

१५ फेब्रुवारी, रविवार

सत्त्याऐंशीवर गाडी अडली. क्रूझबाई म्हणाली, "मॅडम, पाचच खोल्या राहिल्यात. मी तुम्हाला खोटं सांगत नाही, आणि सांगायचं असतं तर तीन सांगितलं असतं."

दादाला सगळं तसंच्या तसं सांगितलं. म्हणाला, शेवटच्या आठवड्यात पडतोच भाव. ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांच्या खोल्या सुटतात. पंच्याऐंशी, पंडिता. फक्त दोन पायऱ्या.

आकडा त्यानं ठरवला होता म्हणून तो आकडा हवा होता. पैशांसाठी नव्हे, हे मला आज कळलं. भाव उतरवणं ही एकच गोष्ट त्याच्या हातात आहे. बाबांचे डोळे नाहीत. मग उतरवू दे, म्हटलं. बुधवारपर्यंत.

चूक केली का?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

तिन्ही बरोबर. सत्त्याऐंशी. खोल्या तीन.

वर्गात शब्दरूपं म्हणून घेताना एक मुलगी मधल्याच विभक्तीला अडली. पहिल्यापासून सुरू केलं की धडधड म्हणते; मधलं एखादं विचारलं की गप्प. म्हणाले, "ही विद्या नव्हे, हा उतार आहे! ढकलून दिलं की गडगडत जाता!" वर्ग हसला. दिवसातलं तेवढंच हसू.

१८ फेब्रुवारी, बुधवार

संपल्या.

साडेचारला फोन केला. क्रूझबाई आकडा बोललीच नाही. "मॅडम, कुठल्याशा कंपनीनं एकदम तिन्ही उचलल्या. अर्धा तास झाला."

अर्धा तास! अर्धा तास मी शाळेच्या दारात दादाच्या फोनची वाट बघत उभी होते.

"गोल खिडकी?"

"त्याही गेल्या. आतल्या आहेत. भरपूर. बावन्नच्या चव्वेचाळीस झाल्यात."

बाबांना सांगायचं धाडस नव्हतं. पण माझ्या जिन्यातल्या पावलांवरूनच ओळखलं त्यांनी. "गेली वाटतं खोली," म्हणाले. आणि चक्क हसले! बरं वाटल्यासारखे. मी आत जाऊन पोळ्यांवर राग काढला. जाड झाल्या.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तिन्ही बरोबर. लिहायलाही लाज वाटते. डोळे अजून शाबूत, आणि आम्हीच खिडकी घालवून बसलो.

दादाचा फोन. खोली गेल्याचं त्याला कालच कळवलं होतं. मी उचलला, आणि तोंडात आलं ते बोलले. म्हणाले, "दोन पायऱ्या! दोन पायऱ्यांसाठी तू बाबांचा समुद्र विकलास." म्हणाले, "तुला घासाघीस कळते, वेळ कळत नाही." आणखीही काही. ते वहीतही नको.

लहानपणी पडल्यावर घ्यायचा तसा त्यानं नुसता श्वास घेतला. वहिनीनं फोन घेतला. "वन्सं, जेवले नाहीत ते कालपासून."

तीस वर्षं मुलांना वाणीचा संयम शिकवतेय. परोपदेशे पांडित्यम्. बाकी काय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कचेरीत गेले, न बोलावता. क्रूझबाईचा घसा पुरता बसला होता. पाटीवर लिहून बोलत होती. लिहिलं — कुणी रद्द केली तर? मी लिहिलं — कळवा. मग दोघींना हसू आलं. मी का लिहिलं? माझा घसा चांगला होता की!

तिनं विचारलं, म्हणजे लिहिलं — वडिलांसाठी एवढं का?

मी सांगितलं. क्रेन, काचेची पेटी, चार महिने, सगळं. तिनं पाटी पुसली. मग लिहिलं — बघते.

२२ फेब्रुवारी, रविवार

मिळाली!!

एक कुटुंब गळालं. मुलाची परीक्षा मधे आली. सकाळी नवाला क्रूझबाईचा फोन, घोगरा : "एक बाल्कनी. सहावा मजला, मधोमध, अजिबात हलत नाही. पण भाव एकशे चार. उद्या दुपारी बारापर्यंत धरून ठेवते. माझ्या जबाबदारीवर."

एकशे चार! पहिल्या दिवसापेक्षा वर. दीड महिना घासून आम्ही भाव चढवला.

दादाला फोन करायला हात धजेना. धाकटीनं मधे पडून लावून दिला. मी आकडा सांगितला, डोळे मिटून.

"घे," दादा म्हणाला. "वरचे सगळे मी भरतो. तिघांत नको."

"दादा, परवा मी..."

"घे गं. बाबांना दिसू दे." मग नाक ओढून, "आणि त्या बाईला म्हणावं, आतल्या दोन खोल्यांवर तरी काहीतरी सोड."

आला माणसात.

दुपारी बाबांपुढे अर्ज ठेवला. "कुठे करू सही?" म्हणाले. चष्मा आतल्या खोलीत होता, उठायचा कंटाळा. मीच त्यांचं बोट रेघेवर टेकवलं. सही झोकात केली, शेपटीसकट.

मग पेन टोपणात घालता घालता, "खालची मिळत होती ना?"

"बाबा! किती दिवस तेच? तुम्हाला समुद्र बघायचाय की नाही?"

बाबांनी माझ्या बाजूला हात पुढे करून चाचपल्यासारखं केलं, माझं मनगट धरलं. थोपटलं. "तुम्हा तिघांचं ठरलंय तर ठीक," म्हणाले.

एकदा तरी शहाण्यासारखे वागले.

उद्या शाळेत अर्ध्या दिवसाची रजा. अकराला कचेरीत. पैसे, पारपत्रांच्या प्रती, सहा अर्ज.

२३ फेब्रुवारी, सोमवार

पारपत्रांच्या प्रती टेबलावर राहिल्या म्हणून दुसऱ्या मजल्यावरून परत वर गेले. दार उघडंच होतं, रेडिओ चालू. तेवढ्यात खाली फाटक किंचाळलं. शिंपीकाका बाहेर पडले असणार.

बाबा गॅलरीत उभे. ओठ हलत होते. मोजत होते. साठ. मग बोट वर, गोल. हात आडवा. बोट खाली, गोल.

खांबाशी कुणीच नव्हतं. मी त्यांच्या मागे चार हातांवर उभी होते.

रोज तोच क्रम. मीच लावला.

चपला हातात घेऊन उतरले. फाटक वाजू दिलं नाही.

क्रूझबाईला सांगितलं, ती बाल्कनी सोडून द्या. सगळ्यात खालची घेतली, खिडकी नाही.

दादाला कळवलं — स्वस्तात मिळाली.